राज्य माणसांचें कीं कायद्याचें ?

बालश्रोत्यांनो, "राज्य करणारा मनुष्य सज्जन असला म्हणजे झालें, मग एवढी मोठी राज्यघटना कशाला हवी?" असा प्रश्न नागरिकशास्त्राचें पुस्तक वाचतांना तुमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आपण आपल्याच इतिहासांत शोधूं.

इ. स. १७७३ सालीं पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते राघोबादादा पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं खुद्द दादांनाच दोषी ठरविलें, आणि पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. रामशास्त्र्यांचें धैर्य आपण सारेच वाखाणतों. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. ज्यानें न्याय दिला त्याला घरीं जावें लागलें, आणि ज्याच्याविरुद्ध न्याय झाला तो तूर्त मसनदीवरच राहिला. कारण तो निवाडा राज्यकर्त्यावर बजावील अशी व्यवस्थाच तेव्हां नव्हती.

राज्यघटना ही नेमकी ती व्यवस्था होय. आपली घटनासमिति ९ डिसेंबर १९४६ रोजीं प्रथम भरली. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना स्वीकारण्यांत आली व २६ जानेवारी १९५० पासून तिचा अंमल सुरू झाला. या घटनेनें सत्ता एकाच हातीं ठेविली नाहीं. कायदे करावे संसदेनें व विधिमंडळांनीं, ते अमलांत आणावे सरकारनें, आणि वाद पडल्यास निवाडा द्यावा न्यायालयानें.

एक उदाहरण घ्या. पोलिसांनीं एखाद्यास अटक केली, तर २२ व्या कलमाप्रमाणें, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आंत त्याला जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेसारखे अपवाद या नियमाला आहेत. पण त्याचें मर्म पाहा. पकडणारा एक, आणि पकडणें योग्य कीं अयोग्य हें ठरविणारा दुसरा. खेळांतहि गडी तोच पंच असें आपण चालूं देत नाहीं.

मग घटना लिहिली कीं काम संपलें काय ? नाहीं. जून १९७५ मध्यें देशांत अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली. पुष्कळांना खटल्यावांचून तुरुंगांत ठेवण्यांत आलें. अशा अटकेविरुद्ध न्यायालयांत दाद मागतां येईल काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. २८ एप्रिल १९७६ रोजीं पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं निर्णय दिला कीं, आणीबाणी असेपर्यंत तशी दाद मागतां येणार नाहीं. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्यें, सेवाज्येष्ठ असूनहि, त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश करण्यांत आलें. खन्नांनीं राजीनामा दिला.

येथें रामशास्त्र्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु यापुढें जें घडलें, तें १७७३ सालीं घडणें शक्य नव्हतें. १९७७ च्या निवडणुकींत मतदारांनीं सरकार बदललें. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें असें ठरलें कीं, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या रक्षणासाठीं दाद मागण्याचा हक्क आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहीं. आणि २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच आपला १९७६ चा निर्णय चुकीचा ठरविला.

तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल. सज्जन माणसें हवींतच. त्यांच्यावांचून उत्तम घटनाहि कागदावर राहते. पण सज्जनाला घरीं जावें लागलें, तरी त्याचा न्याय त्याच्याबरोबर घरीं जाऊं नये, एवढ्यासाठीं घटना हवी.

आज रात्रीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना तीं १९७५ ते १९७७ चीं वर्षें कशीं होतीं तें अवश्य विचारा, आणि घटनेचें २१ वें कलम त्यांच्याबरोबर वाचा. तें अवघ्या एका वाक्याचें आहे.