लोकलमधून पडलेल्याचा हक्क



सकाळी सात-साडेसातला बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर स्टेशनावर उभे राहून पाहा. कर्जतकडून मुंबईला जाणारी लोकल येते ती भरूनच. आत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून माणूस दारातली दांडी धरून लोंबकळतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्टेशनाजवळ दोन लोकल शेजारून जात असता दारातले प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. आपल्याच रोजच्या वाटेवर हे घडले.

असा प्रसंग कुणा घरावर आला की शेजारीपाजारी म्हणतात, ‘दारात उभा होता ना? मग चूक त्याचीच. आता मागायचे कुणाकडे?’ हा समज चुकीचा आहे, आणि त्या समजापायी कित्येक घरे हक्काच्या पैशाला मुकतात.

कायदा काय म्हणतो ते ऐका. १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील कलम १२४-अ प्रमाणे, प्रवासी चालत्या गाडीतून अपघाताने पडला तर रेल्वेने भरपाई द्यावयाची, मग रेल्वेची चूक असो वा नसो. मृत्यू झाल्यास ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. हातपाय गेला किंवा अन्य दुखापत झाली, तर तिच्या स्वरूपाप्रमाणे रक्कम ठरलेली असते. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा, वेड किंवा आजारपण ही कारणे असतील तर मात्र भरपाई नाही. गाडीत चढताना वा उतरताना निष्काळजीपणा झाला, तेवढ्याने ती स्वतः करून घेतलेली इजा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. हा हक्क प्रवाशाचा आहे. तिकीट वा पास नसताना रूळ ओलांडणाऱ्याला या कलमाचा आधार मिळत नाही. म्हणून पहिल्या कागदावर काय लिहिले जाते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. स्टेशनमास्तरचा मेमो आणि लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा यांत ‘गाडीतून पडून’ असे आहे, की ‘रूळ ओलांडताना’? घरची माणसे त्या वेळी शुद्धीवर नसतात. तेव्हा शेजारचा, गावचा कुणी शहाणा माणूस बरोबर घ्या. पंचनामा वाचून घ्या. न वाचता सही करू नका. मजकूर चुकीचा वाटला तर तसे लेखी कळवा, आणि ज्यांनी पडताना पाहिले त्यांची नावे-पत्ते टिपून ठेवा.

तिकीट हरवले तर? खिशातला कागद अशा वेळी कुठला सापडायला! त्याच २०१८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले आहे की, केवळ तिकीट सापडले नाही म्हणून प्रवासी नव्हता असे धरता येणार नाही. नातेवाइकांनी खरी हकीगत प्रतिज्ञापत्रावर सांगावी. मग ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. तरीही पास काढला की त्याचा नंबर घरच्या वहीत लिहून ठेवावा. मोबाइलवरचा पास असेल तर त्याचे चित्र घरच्या दुसऱ्या फोनवर असू द्यावे.

अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा. त्याचे पीठ मुंबईत आहे. मुदत अपघातापासून एक वर्षाची. उशिराचे सबळ कारण असेल तर मुदतीनंतरचाही अर्ज घेता येतो, पण त्या भरवशावर बसू नका. मेमो, पंचनामा, शवचिकित्सेचा किंवा दवाखान्याचा अहवाल, नात्याचा पुरावा आणि बँकेचे पासबुक, एवढे कागद एका पिशवीत ठेवा.

अपघात रेल्वेचा नसून रस्त्यावरचा असेल, तर वाट वेगळी. तिथे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि कायद्यात मुदत सहा महिन्यांची लिहिलेली आहे. ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची सरकारी योजना आहे.

‘पैसे मिळवून देतो, निम्मे आमचे’ म्हणत कुणी दाराशी आला, तर कोऱ्या कागदावर सही देऊ नका. स्त्रिया, मुले, कारखान्यातले कामगार, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील फुकट मिळतो. आपल्या जिल्ह्याचे प्राधिकरण ठाण्याला आहे.

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. गावात कागद वाचता येणारे पहिले घर बहुधा तुमचेच असते. अशी विधवा आई दाराशी आली, तर तिला तो पंचनामा सावकाश वाचून दाखवा आणि वर्षाची मुदत कधी संपते ती तारीख तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून द्या. गेलेला माणूस काही परत येत नाही. पण त्याच्या मुलांची शाळा तरी सुटणार नाही.