गुलबर्ग्याचे ख्वाजा



उदगीरहून बीदर, बीदरहून गुलबर्गा. आता त्याला कलबुर्गी म्हणतात. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि आपला मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथे ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा आहे. आम्ही तो पाहून आलो.

लोक तिथे चादर चढवतात, नवस बोलतात. हिंदू येतात, मुसलमान येतात. पण ख्वाजा मोठे पंडित होते, हे किती जणांना ठाऊक? अरबी-फारशीत त्यांनी ग्रंथ लिहिले. लहानपणी ते आपल्या दौलताबादेस राहिले. त्यांच्या वडिलांची कबर खुल्दाबादला आहे.

१३९८ साली तैमूर दिल्लीवर चालून आला. ख्वाजांनी दिल्ली सोडली. वय होते सत्त्याहत्तरच्या आसपास! त्या वयात आपण ओट्यावर बसून नातवंडं राखतो. ते मात्र दख्खनला आले, गुलबर्ग्यास राहिले आणि पुढे वीस वर्षे शिकवीत राहिले. आपल्या वर्गात काही जण म्हणतात, "पन्नाशी उलटली, आता अक्षरं कशाला?" त्यांना आम्ही काय सांगावं?

१४२२ साली ख्वाजा पैगंबरवासी झाले. कबरीवर मोठा घुमट आहे. आत सोनेरी अक्षरे आहेत. दर्ग्याचे ग्रंथालयही आहे.

जाल तेव्हा जोडे बाहेर काढा, डोके झाका. उरूस जिल्काद महिन्यात भरतो. तेव्हा फार गर्दी होते. निवांत पाहायचं, तर एरवी जा.