दोघांनी पाहिलेला कुलाबा किल्ला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण डॉक्टरीणबाईंना बोलावतो, नाहीतर कोणी पाककृती सांगते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही अलिबागला जाऊन आलात, तर तुम्हीच बोला." मी सातवीपर्यंत शिकलेली. पोळ्या सांगा, शंभर लाटून देईन. भाषणाची सवय नाही. तेव्हा जे पाहिले आणि विचारून घेतले तेवढेच सांगते. गोड मानून घ्या.

आम्ही निघालो त्या आठवड्यात आपल्याच चाळीत मला चौघीजणींनी विचारले, "लग्न आहे का? बारसे? नवस फेडायचा आहे?" यातले काहीच नाही म्हटल्यावर, "मग दोघेच कशाला जाता?" असा पुढचा प्रश्न. कोणी तो वाईट बुद्धीने विचारला नाही. आपण बायका घराबाहेर पडतो त्या कारण दाखवूनच पडतो. माझ्या लग्नाला चोवीस वर्षे झाली. या चोवीस वर्षांत मी देवदर्शनाला, माहेरी, मुलांच्या सहलीला, इस्पितळात, सगळीकडे गेले. पण यांच्याबरोबर, आम्ही दोघेच, कधी कोठे गेलो नव्हतो.

त्यातून यांची कंपनी सहा वर्षांपूर्वी बंद झाली. भांडुप-मुलुंडच्या आपल्या या पट्ट्यात असे घर शोधावे लागत नाही. तेव्हापासून हे एका गोदामावर रात्रपाळी करतात. सकाळी हे दार वाजवतात तेव्हा माझे डबे भरणे चाललेले. मी दुपारी जरा टेकते तेव्हा हे झोपलेले. संध्याकाळी माझी पोळ्यांची घाई आणि यांची निघण्याची. एका खोलीत राहून आमच्या दोन पाळ्या झाल्या होत्या. "मीठ संपलंय", "बिल भरलं का" यापलीकडे बोलणे राहिले नव्हते. सासूबाईंनीच एक दिवस यांना सुनावले, "अरे, तिच्याशी बोलतोस की भिंतीशी? जा दोघं कुठंतरी. दोन दिवस मी आणि पोरी बघून घेऊ." सासूबाई समोरच बसल्या आहेत म्हणून सांगत नाही, पण जाणे झाले ते त्यांच्यामुळे.

ठिकाण मी ठरवले. कुलाबा म्हटले की आपल्याला मुंबईचा दांड्यावरचा कुलाबा आठवतो. हा किल्ला तो नव्हे. हा अलिबागच्या समोर समुद्रात आहे. त्याच्यावरूनच पूर्वी त्या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. ओहोटी असेल तर या किल्ल्यात वाळूवरून पायी जाता येते, भरती आली की चारी बाजूंनी पाणी. म्हणजे जाणाऱ्याने आधी समुद्राची वेळ विचारायची.

ही वेळ काढण्याची एक रीत आहे. मला ती मुलुंडच्या बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या कोळीणबाईंनी शिकवली. आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथी असते ना, त्या तिथीची पाऊणपट करायची. येईल तो भरतीचा तास. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. ज्या पाऊणकीच्या पाढ्यासाठी शाळेत छडी खाल्ली, तो येथे कामाला आला! मात्र अष्टमीच्या आसपास भांग असते. तेव्हा पाणी फारसे हटत नाही, आणि वेळ जमली तरी वाट मोकळी होईलच असे नाही. म्हणून आम्ही पौष वद्य पंचमी धरली. तेथे पोचल्यावर किनाऱ्यावरच्या माणसांना पुन्हा विचारून घेतले, ते तर करावेच.

चतुर्थीला सकाळी निघालो. नाहूरहून धिम्या गाडीने बोरीबंदर, तेथून गेटवे, तेथून मांडव्याची लाँच. तासाभराचा समुद्रप्रवास, आणि पुढे त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस. पावसाळ्यात गेटवेच्या या लाँचा बंद असतात हे लक्षात ठेवा. लाँचच्या मागे पांढरे समुद्रपक्षी लागतात. लोक त्यांना खाणे टाकतात. हे मात्र पाठमोरे उभे राहून मुंबई लांब जाताना पाहत होते. म्हणाले, "एवढी वर्षं हिच्या पोटात राहिलो, तोंड आज बघतोय."

अलिबागला उतरल्यावर आधी सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या समाधीवर फूल ठेवले. ती गावातच आहे. १७२९ साली ते वारले. ज्याच्या नावाने इंग्रज आणि पोर्तुगीज दोघेही दचकत, त्याची समाधी इतकी साधी, की शेजारून जाणारा रिक्षावाला मान वळवून पाहत नाही. असो. आपणही मुंबईत किती वळवतो!

राहण्याची सोय नागावला एका वाडीत केली होती. घरगुती जेवण, स्वच्छ खोली, अंगणात तुळस. आणि आता बागांविषयी सांगते, कारण किल्ल्याइतकीच मला वाडी आवडली. अलिबाग हे नावच मुळी बागेचे. अली नावाचा कोणी धनिक होता, त्याने विहिरी खोदल्या, आंब्याच्या आणि नारळाच्या बागा लावल्या. लोक 'अलीची बाग' म्हणू लागले, असे सांगतात. कोणी त्याला मुसलमान म्हणतात, कोणी बेने इस्रायल. त्या किनाऱ्यावर बेने इस्रायल लोकांची जुनी वस्ती. अलिबागेत इस्रायल आळी आहे, प्रार्थनामंदिरही आहे. तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत.

वाडी म्हणजे आपल्या सोसायटीतली फुलझाडांची बाग नव्हे. सर्वांत वर नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, सुपारीवर चढवलेला मिरीचा वेल, मध्ये एखादे जायफळाचे झाड, खाली केळी आणि अळू. जागा फुकट घालवायची नाही ही आपल्या खोलीतली मांडणीच ती! प्रत्येक झाडाला आळे, आणि विहिरीपासून पाट. पूर्वी विहिरीवर रहाट असे. आता पंप आहे, पण रहाटाचे जुने लाकूड काकूंनी अजून ठेवले आहे.

या काकू, वाडीच्या मालकीण, साठीच्या असतील. त्यांनी मला ३ जून २०२० ची हकीकत सांगितली. निसर्ग वादळ त्या दिवशी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. काकू म्हणाल्या, "दुपारी वारा सुटला तो सुपाऱ्या काडीसारख्या मोडत गेला. आम्ही दार धरून उभे. संध्याकाळी बाहेर आलो तर घरातून शेजाऱ्याचं घर दिसत होतं. लग्न होऊन आल्यापासून ते मला कधी दिसलं नव्हतं." निम्म्याहून अधिक वाडी आडवी झाली. सुपारी लावली तर हाताशी यायला सहा-सात वर्षे लागतात, नारळाचेही तसेच. त्या वेळी जमिनीला गिऱ्हाईक दारात उभे होते. मुंबईच्या लोकांना बंगल्यासाठी वाडीच हवी असते. यजमान म्हणाले, विकून टाकू. काकूंनी दुसऱ्या पावसात सुपारीची रोपे लावली. मी विचारले, "त्यांची समजूत कशी काढलीत?" त्या म्हणाल्या, "समजूत कुठली काढतेय? ते बोलत राहिले, मी आळी करत राहिले." त्यातल्या काहींना यंदा पहिला शिपुट आला आहे, तो त्यांनी आम्हांला नेऊन दाखवला.

दुसऱ्या दिवशी पंचमी. साडेआठला किनाऱ्यावर. घोडागाड्या उभ्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खुशाल बसावे. आम्ही चपला पिशवीत घातल्या आणि चालू लागलो. पाणी पोटरीपर्यंत, खाली वाळू आणि मध्ये मध्ये खडक. वीस-पंचवीस मिनिटांत दरवाजाशी.

किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये सुरू करविले आणि एप्रिलमध्ये महाराज गेले. पुरे केले ते संभाजीराजांनी. पुढे कान्होजींनी येथे आपले मुख्य ठाणे केले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. तट पाहा म्हणजे कारण कळते. प्रचंड दगड एकावर एक नुसते रचले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. हे बराच वेळ तटाला हात लावून उभे होते. म्हणाले, "जाम आवळलं तर तुटतं. थोडी ढील ठेवावीच लागते." फिटरचे बोलणे ते; पण चोवीस वर्षांत मला यांच्या कामातले एवढे तरी प्रथमच समजले.

आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे, १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेले. गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी, असे पंचायतन. देवळाजवळ पुष्करणी आणि गोड्या पाण्याची विहीर. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! एक दर्गाही आहे. बाकी सारी जोती. आंग्र्यांचा वाडा १७८७ च्या आगीत गेला. पुढे गादीला औरस वारस राहिला नाही, दत्तकाला कंपनी सरकारने मान्यता दिली नाही, आणि १८४० साली संस्थान खालसा झाले. दोनच वर्षांनी इंग्रजांनी किल्ल्यातल्या इमारतींचे लाकूड लिलावात विकले आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लावले. हे ऐकून मला वाईट वाटले, आणि लगेच असेही वाटले की पाण्याला लागले तेवढे तरी बरे. एक राग मात्र आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात जवळचा खांदेरी आहे, कुलाबा नाही. आम्ही पायी चालून गेलो तो नसावा, हे काही मनाला पटत नाही.

उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. त्या आंग्र्यांच्या नव्हेत, इंग्रजी बनावटीच्या; यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याच्या. यांनी चष्मा काढून त्यांवरची अक्षरे लावली, चाकाचा आरा बोटांनी चाचपला, ओतकाम कसे केले असेल ते मला सांगू लागले. साचा कसा भरतात, लोखंड निवताना काय होते. अर्धा तास बोलत होते. मग आपल्या खात्यातली माणसे, शेवटच्या दिवशी यंत्र पुसून ठेवले ती गोष्ट. सहा वर्षांत हे घरात कधी निघाले नव्हते. धाकटीने नंतर शोधून काढले, तो लो मूर कारखाना १७९१ साली सुरू झाला आणि १९५७ साली बंद पडला. हे ऐकून हे एवढेच म्हणाले, "म्हणजे त्यांचंही तेच. पण माल बघ कसा टिकलाय."

अकराला आम्ही निघालो, कारण पाणी थांबत नाही. परत येताना ते गुडघ्याला लागले. मध्ये एका खडकावर शेवाळ होते, तेथे यांनी माझा हात धरला, आणि वाळू लागल्यावरही सोडला नाही. किनाऱ्यावर शाळेची सहल उतरली होती, पोरे बघत होती. बघेनात! सभेत सांगण्यासारखे हे नाही, पण 'दोघेच कशाला' असे विचारणाऱ्या चौघीजणींना उत्तर द्यायचे होते.

येताना पांढऱ्या कांद्याची एक वेणी आणली. अलिबागचा हा कांदा गोडसर असतो, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आता यांनी रविवारची रात्रपाळी दुसऱ्याला देऊन टाकली आहे. पैसे थोडे कमी येतात, त्याचा हिशेब मी बसवला आहे.

मंडळाची सहल नेण्याचा विचार चालला आहे असे ऐकते. नेलीत तर तारीख ठरवण्याआधी मला सांगा. चतुर्थी ते षष्ठी धरू. आणि ज्यांच्या घरी यजमान मोकळे असतील त्यांनी सहलीची वाट न पाहता दोघांनीच जाऊन यावे. नागावच्या काकूंचा पत्ता मी देईन.