भाच्याच्या सायकलीचं इंजिन

कवीकडे लोक सहसा लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन येतात. माझा भाचा इंजिनाचं माहितीपत्रक घेऊन आला. "मामू, तुम्ही बी.ए. झालात, वाचून सांगा." मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन, पण बहिणीच्या घरात हा फरक कुणी धरत नाही.

भाचा पहाटे मिरजेतल्या बेकरीतून पाव, खारी, बटर उचलतो आणि आसपासच्या खेड्यांत विकतो. काळी सायकल, मागे पत्र्याची पेटी, रोज तीसेक किलोमीटर. चाळिशीच्या आत उजवा गुडघा बोलू लागला. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. सोडून खायचं काय, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. मग बहिणीनं बचत गटातून कर्ज काढलं.

पत्रकावर '८० सीसी' असं ठळक छापलेलं. खाली बारीक अक्षरांत सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर, पिस्टनची धाव ३८. शेजारच्या मास्तरांकडून हिशेब करून घेतला. उत्तर आलं ६६ सीसी! विकणारा म्हणाला, "सायकलच ती, लायसन लागत नाही." वकील मित्रानं १९८८ चा मोटार वाहन कायदा उघडला. चारपेक्षा कमी चाकं आणि इंजिन २५ सीसीपर्यंत असेल, तरच ती गाडी मोटार वाहन धरत नाहीत. त्यापुढे नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं.

भाच्याला तरी इंजिनाचाच मोह. मी त्याला हसलो नाही. सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये लष्करी वायरलेस संचांसाठी बनवलेली छोटी इंजिनं सायकलींनाच जोडली होती. पेट्रोलची पहिली टाकी म्हणजे अंथरूण उबदार ठेवायचं गरम पाण्याचं भांडं. पत्नी साची यांनी ती सायकल चालवून पाहिली. रेडिओच्या इंजिनातून एवढा कारखाना उभा राहिला, हे रेडिओवर सांगायला मला बरं वाटतं.

निकाल लावला तो गल्लीतल्या सायकल मिस्त्रीनं. हे इंजिन सायकलीच्या त्रिकोणात बसतं. त्याची वेगळी साखळी डाव्या अंगानं मागच्या चाकाकडे जाते आणि तिचं दातेरी चक्र रबराच्या चकत्यांमध्ये धरून नऊ बोल्टांनी स्पोकांनाच आवळतात. पेटीचं ओझं, इंजिनाची ओढ, सगळं त्या तारांवर. ब्रेक सळईचे, पावसात रिमवर घसरणारे. "आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. धुराचा वास पावाला लागेल," मिस्त्री म्हणाला. स्पोकांचं ऐकून न हललेला भाचा पावाचं ऐकून गप्प झाला.

मग विजेचा संच, मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटार असलेला. शक्ती पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा, शिवाय तपासणी संस्थेच्या मान्यतेचा कागद हवा. दोन दुकानदारांनी कागदाचं नाव काढताच चहा मागवला. तिसऱ्यानं कागद दाखवला. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची, म्हणजे ३६० वॉट-अवर. ओझ्यासह, पायडल मारत, किलोमीटरला १२ धरले तर बरोबर तीस किलोमीटर. वर्षभरानं बॅटरी मंदावली की हा गडी शेताच्या बांधावर उभा! मी १३ ची घ्यायला लावली. आस दांड्यात फिरू नये म्हणून मिस्त्रीनं लोखंडी पट्टी आवळली. पण त्याआधी ब्रेक बदलले. त्या खर्चावरून भाचा माझ्याशी आठवडाभर धड बोलला नाही.

आता तो चढाला मोटार लावतो, सपाटीला पाय हलवतो. गुडघा अजून दुखतो, पण रात्री झोप लागते. तक्रार एकच. "फटफट आवाज असता तर गिऱ्हाईक आपोआप दारात आलं असतं, मामू." म्हणून जुना रबरी भोंगा त्यानं हँडलवर तसाच ठेवलाय. परवा पहाटे आमच्या गल्लीतून जाताना त्यानं तो मुद्दाम तीनदा वाजवला.