अर्धशिशी, रात्रीचा शूळ आणि आमचा धीर

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त धर्मापुरी येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने धर्मग्रामाच्या उत्कर्षाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस मिळाली आणि आम्ही डोकेदुखी हा विषय घेतला. त्याचे कारण सांगण्यापूर्वी आमची एक लबाडी आपणांपुढे कबूल केली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत आम्ही रात्री दीडच्या सुमारास चर्चच्या आवारात येरझारा घालीत असू. रखवालदाराने ते पाहिले व गावभर सांगितले की, फादर मध्यरात्री जपमाळ करीत फिरतात. त्याबद्दल कित्येकांनी आमचा आदर केला आणि तो आम्ही मुकाट्याने स्वीकारला. वस्तुतः आमच्या हाती जपमाळ नव्हती व ओठी प्रार्थनाही नव्हती. उजव्या डोळ्यामागे कोणी तापलेली सळई फिरवीत आहे, अशी वेदना होई. तो डोळा लाल होऊन पाझरू लागे, त्याच बाजूची नाकपुडी वाहू लागे आणि एका जागी क्षणभर बसवत नसे. तासाभराने सारे शांत होई. दुसऱ्या रात्री त्याच घटकेस पुन्हा आरंभ. असे सहा-सात आठवडे चाले, मग वर्षभर नाव नसे. दाताचे दुखणे समजून आम्ही दोन दाढा काढून घेतल्या. दाढा गेल्या, शूळ राहिला.

पुढे एका डॉक्टराने आमची हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेतली व रोगाचे नाव सांगितले. इंग्रजीत यास क्लस्टर डोकेदुखी म्हणतात, म्हणजे घोसाघोसाने येणारा शूळ. हजारांत सुमारे एका मनुष्यास तो होतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो. त्याचा एकेक झटका पाव तासापासून तीन तासांपर्यंत टिकतो. नाव कळले त्या दिवशी वेदना कमी झाली नाही. पण आपण वेडे नाही, भित्रे नाही, एवढे तरी कळले.

आता दुसरी कबुली, आणि ही अधिक जड आहे. त्याच सुमारास ऊसतोडीस जाणारी एक बहीण आमच्याकडे येऊन म्हणाली, "फादर, अर्धं डोकं फुटतंय, उलटी होते, उजेड सोसत नाही." आम्ही तिला धीर धरण्यास व ते दुःख प्रभूच्या दुःखसहनात मिळविण्यास सांगितले. स्वतःच्या डोळ्यासाठी आम्ही दाढा उपटविल्या. तिच्या डोक्यासाठी मात्र आम्ही केवळ उपदेश दिला! दुकानातील पुडीतली गोळी रोज घेऊन ती कोयता चालवीत राहिली, कारण खाडा पडला की मजुरी कापली जाते. दोन हंगामांनंतर असा एकही दिवस उरला नाही की ज्या दिवशी तिचे डोके दुखत नसे.

तिचा रोग अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन. हा रोग नवीन नव्हे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत अर्धावभेदक या नावाने अर्ध्या डोक्याच्या शूळाचे वर्णन आहे. उपचार न केल्यास त्याचा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत राहतो. स्त्रियांस तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतो व पुष्कळदा एकाच घराण्यात पिढ्यान्पिढ्या आढळतो. शेजारच्या कर्नाटक राज्यात पाहणी झाली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा लोकांस वर्षभरात हा त्रास झाल्याचे आढळले. मग आमच्या बीड जिल्ह्यात तो थोडा कसा असेल? अर्धशिशीस जागे करणारी कारणे पाहा: अपुरी झोप, चुकलेली न्याहारी, पोटात पाणी नसणे, डोळ्यांवर ऊन, आणि मासिक पाळीचे दिवस. दिवाळीच्या सुमारास कोपीवर जाणाऱ्या आमच्या बहिणीचा दिनक्रम याहून वेगळा काय असतो?

या दोन दुखण्यांतील भेद नीट ध्यानात ठेवावा. अर्धशिशीचा रोगी अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. क्लस्टरचा रोगी भिंतीवर डोके आपटतो, पण निजत नाही. म्हणून उपायही वेगळे.

अर्धशिशीत साधी वेदनाशामक गोळी घ्यावयाची तर दुखणे चढण्यापूर्वी, योग्य मात्रेत घ्यावी. मळमळ असल्यास तिचेही औषध डॉक्टरास विचारावे. तेवढ्याने न भागल्यास सुमाट्रिप्टानसारखी खास औषधे आहेत. मात्र हृदयविकार असलेल्यांनी ती घेऊ नयेत. झटके वारंवार येत असतील तर ते रोखण्यासाठी प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे रोज घ्यावी लागतात व त्यांचा गुण दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. दम्याच्या रोग्याने प्रोप्रानोलॉल घेऊ नये. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भास अपाय करते, म्हणून तरुण स्त्रियांनी डॉक्टरास आधीच विचारावे.

क्लस्टरमध्ये पोटात घेतलेली गोळी उपयोगी पडण्याच्या आतच झटका संपलेला असतो. त्यावर उत्तम उपाय म्हणजे शुद्ध प्राणवायू: मिनिटास १२ ते १५ लिटर, तोंडानाकावर घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून, पंधरा-वीस मिनिटे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्राणवायूने पंधरा मिनिटांत ७८ टक्के झटक्यांत आराम पडला. साध्या हवेने केवळ २० टक्के. झटके रोखण्यासाठी वेरापामिल देतात. त्यासाठी हृदयाचा आलेख काढून घ्यावा लागतो. झटक्यांचे आठवडे चालू असता मद्याचा एक घोटही शूळास आमंत्रण होय.

आता त्या बहिणीस कशाने गाठले, ते ऐका. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस वा अधिक, आणि मिश्र गोळी १० दिवस वा अधिक, अशी महिनोन्महिने घेतली म्हणजे गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. पुडीतल्या गोळ्या पुष्कळदा मिश्रच असतात. डॉक्टराच्या देखरेखीखाली त्या बहिणीने गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा तिने फार सोसले. नंतर दुखणे उतरले. आज तिला महिन्यात दोन-तीन झटके येतात व त्यांवर औषध चालते. रोग समूळ गेला असे आम्ही म्हणत नाही. तो ताब्यात आला.

काही डोकेदुखी मात्र घरी बसून पाहण्याजोगी नसते. क्षणात कमालीची वाढलेली, तापासह मान ताठ झालेली, हातपाय वा वाणी लुळी पडलेली, डोक्यास मार लागल्यानंतरची, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच आलेली डोकेदुखी असेल, तर तत्काळ इस्पितळ गाठावे. आपल्या अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अंगारा व कपाळावरचे डाग यांत ती मोलाची घटका दवडू नये.

आता कोणी विचारील, ख्रिस्ती मनुष्याने दुःख सोसू नये काय? सोसावे, पण जे टळत नाही ते. सिराखच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो, आणि शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूस उपदेश केला नाही, त्याच्या जखमा बांधल्या. ज्याने उपवासाने अर्धशिशी उठते, त्याने आजाऱ्यास असलेली सवलत निःशंक घ्यावी. त्यात पाप नाही.

शेवटी आमची तीन मागणी आहेत. ज्याचे डोके वारंवार दुखते त्याने शाळेच्या वहीत तारीख, वेळ, खाणे, झोप व घेतलेली गोळी लिहावी आणि ती वही डॉक्टरास दाखवावी. सासूने सुनेस व मुकादमाने मजुरास 'ढोंग करतेस' असे म्हणण्यापूर्वी अर्धशिशीचे नाव आठवावे. आणि धर्मगुरूकडे कोणी डोकेदुखी सांगत आला, तर त्याने आशीर्वाद अवश्य द्यावा, पण त्याबरोबर डॉक्टराचा पत्ताही द्यावा.

हे तिसरे मागणे आमचे आम्हांसच आहे. आणि यापुढे मध्यरात्री आम्ही फिरताना दिसलो, तर रखवालदाराने आदर न करता प्राणवायूची नळकांडी आणून द्यावी, ही विनंती. प्रभू आपणां सर्वांस आरोग्य देवो.