दहावा हिस्सा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



संगीत, संतवाङ्मय आणि नाटक अशी सरस पुष्पे या व्याख्यानमालेत गुंफली गेल्यानंतर, हिशेब तपासण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या मनुष्याला अनुदान या विषयावर बोलावयास उभे करणे म्हणजे पंगतीत श्रीखंडानंतर सुंठीचा काढा वाढण्यासारखे आहे. तथापि हा विषय मी होऊन मागून घेतला. महोत्सवाच्या निधीतून जी शिल्लक राहिली आहे, तिचे काय करावे याचा निर्णय आपण येत्या सर्वसाधारण सभेत घेणार आहोत. सभागृहाला नवी फरशी बसवावी असे एक मत आहे. मंडळामागच्या वस्तीतील मुलांसाठी एक स्थानिक संस्था जो सायंवर्ग चालविते, त्याला हातभार लावावा असे दुसरे मत आहे. मी या दुसऱ्या पक्षाचा आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

सरकारच्या एवढ्या योजना आहेत, कंपन्यांचा पैसा आहे. मग आपल्या चिमूटभर रकमेने काय होणार, असे मला अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्यासाठी तो मोठा पैसा कसा चालतो, हे पाहावे लागेल.

सरकारी अनुदान ही देणगी नव्हे. तो करदात्याच्या पैशाचा विश्वासाने सोपविलेला भाग आहे. म्हणून त्याला नियमांचे कुंपण असते. वर्ष संपल्यावर १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ज्या कामासाठी पैसा मंजूर झाला, त्याच कामावर तो खर्चावा लागतो. अनुदानातून घेतलेले कपाट विकायचे झाले तरी पूर्वसंमती हवी. या नियमांची मी थट्टा करीत नाही. ते नसते तर काय झाले असते, हे मी पुष्कळ रोकडवह्यांतून पाहिले आहे. पण कुंपणाला एक स्वभावधर्म असतो. शेत त्याच्या आत असते, आणि पाऊस मात्र त्याला विचारून पडत नाही.

व्यसनमुक्ती केंद्रांचेच उदाहरण घ्या. या कामासाठी केंद्र सरकारची योजना १९८५-८६ पासून आहे. तिच्यात दीर्घकाळ मान्य खर्चाच्या ९० टक्के रक्कम सरकारने द्यावी, ईशान्येकडील राज्यांत ९५ टक्के, आणि उरलेली संस्थेने समाजातून उभी करावी, अशी वाटणी होती. योजना आखणाऱ्याने हा दहावा हिस्सा संस्थेच्या निष्ठेची परीक्षा म्हणून ठेवला असेल. माझा अनुभव असा की, काम तगते ते बहुधा त्याच हिश्शावर.

कारण तो हिस्सा आधी येतो. पुण्याचे 'मुक्तांगण' आपणां सर्वांना ऐकून ठाऊक आहे. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचट यांनी लिहिले, ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या वाचनात आले. पु. लं.नी एक लाख रुपये दिले आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र सुरू केले. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच जागा मिळाली. म्हणजे पाहा, पैसा एका लेखकाचा, जागा सरकारची आणि श्रम डॉक्टरांचे. यांतले एकही अंग वजा केले तर केंद्र उभे राहत नाही. पण पहिले पाऊल पडले ते कोणत्याही लेखाशीर्षाची वाट न पाहणाऱ्या पैशामुळे.

महर्षी कर्व्यांची हकीकतही याच वळणाची आहे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो दारोदार हिंडून जमविलेल्या लहान वर्गण्यांवर. १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा आला तो १९५१ साली. मान्यता येईपर्यंत जी पस्तीस वर्षे काढावी लागली, ती कोणत्या अनुदानाने काढली असती?

कंपन्यांच्या पैशाविषयी थोडक्यात सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले आणि त्यामुळे अनेक शहरांत चांगली कामे उभी राहिली. पण हा पैसा प्रकल्पाला मिळतो, संस्थेला नव्हे. प्रकल्पाची मुदत संपली की कंपनीचे लक्ष दुसरीकडे वळू शकते, आणि वर्गातील मुलगा तेव्हा सहावीतच असतो. परदेशी देणग्यांचा मार्गही २०२० च्या दुरुस्तीने अरुंद झाला: एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेच्या ओंजळीतून पाणी पिणाऱ्या छोट्या संस्थांची त्यामुळे पंचाईत झाली.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या विरुद्ध जाणारी आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत परप्रांतातील एका व्यसनमुक्ती केंद्राच्या तपासणीला गेलेल्या पथकात मी होतो. तेथील प्रमाणकांत बरे होऊन घरी जाणाऱ्या रुग्णांच्या बसभाड्याच्या पावत्या होत्या. मंजूर शीर्षात तो खर्च बसत नव्हता. मी आक्षेप नोंदविला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता, आजही बरोबरच ठरेल. केंद्र चालविणाऱ्या बाईंनी वाद घातला नाही. ती रक्कम त्यांनी स्वतःच्या पर्समधून काढून रोकडवहीत जमा दाखविली. एवढेच म्हणाल्या, "साहेब, भाडे दिले नाही तर तो स्टेशनवरच राहतो, आणि स्टेशनवर काय विकत मिळते ते तुम्हांला ठाऊक नाही." पुढे त्या केंद्राचा हप्ता आठ महिने आला नाही. उशीर कोणाचा, हे ठरविण्याची ही जागा नव्हे. माझ्या आक्षेपाचे उत्तर कागदोपत्री फिरत होते, हेही त्याचे एक कारण असू शकेल. दुसऱ्या वर्षी मी त्या रस्त्याने गेलो तेव्हा फाटकाला कुलूप होते. त्या बाईंच्या मागे आपल्यासारखे एखादे मंडळ नव्हते. असते तर आठ महिने निघाले असते, असे मला वाटते. अनुदान नाकारले गेले नव्हते, केवळ उशिरा यावयाचे होते.

आपल्या मागच्या सायंवर्गाला यंदा एका कंपनीने शिक्षिकांचे मानधन देऊ केले आहे. विजेचे बिल, पावसाळ्यातली ताडपत्री, आजारी शिक्षिकेच्या जागी येणाऱ्या मुलीचा रिक्षाखर्च, या गोष्टी त्यात नाहीत. आपण मुद्दल बँकेत ठेवून केवळ व्याज द्यावे, आणि ते कोणत्याही शीर्षाला न बांधता द्यावे, अशी माझी सूचना आहे. हिशेब मात्र मागावा. वर्षातून एकदा, एका पानाचा, आणि तो मागताना चहा आपण पाजावा. मदतीच्या मोबदल्यात मराठी मुलांसाठी राखीव जागा मागू नयेत. पन्नास वर्षे या शहराने आपल्याकडून तसे काही मागितलेले नाही.

फरशीचे म्हणाल तर ती खरोखरच उखडलेली आहे. गणपतीत दोघीजणी ठेचकाळल्या, त्यांत माझी पत्नीही होती. तिचे मत फरशीच्या बाजूने आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. सर्वसाधारण सभेत आम्ही दोघे दोन बाजूंना बसू. तोवर ज्यांना सायंवर्गाचे जमाखर्च पाहावयाचे असतील त्यांनी गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात यावे. ते कागद मी तपासून ठेवले आहेत. दोन बेरजा चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या आहेत.