एप्रिलची परसबाग: पाणी कुणाला द्यायचं?

एप्रिल लागला, आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत नळ एक दिवसाआड. मग बागेत कुणाला जगवायचं, हे ठरवावंच लागतं. टोमॅटोचा नाद मी सोडलाय. पारा पस्तिशीच्या वर गेला की पाणी कितीही ओता, त्याची फुलं गळतात. भेंडी-गवार मात्र या उन्हात खूश आहेत. लिंबाला हात आखडून चालणार नाही. ते मेलं तर चार-पाच वर्षांची मेहनत गेली.

आता दुधी-दोडका. 'वेल फुललाय, पण फळ नाही,' असं तुम्ही दरवर्षी विचारता. कडक उन्हात नरफुलंच जास्त येतात. मादीफुलाच्या मागं इवलंसं फळ दिसतं, ते बघा. ही फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दिवेलागणीला नरफूल तोडून मादीफुलावर हलकेच फिरवा. काकडी-कारल्याचं उलट, ती सकाळची गिऱ्हाइकं.

आच्छादनाला उसाचं पाचट घ्या. ऊस गेला की शिवारात ते पेटवून देतात, त्याआधी दोन भारे मागून आणा. वीतभर थर द्या, खोडापासून चार बोटं लांब.

आणि तासगाव-मिरजेकडं दारात द्राक्षवेल असणाऱ्यांनो, खरड छाटणी उरकली ना? पुढच्या हंगामाचा घड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांतच काडीच्या डोळ्यात धरतो. तेव्हा फुटव्यांची दाटी होऊ देऊ नका, काडीवर ऊन पडू द्या. पाणी बेतानंच. तसंही, आहे कुठं जास्त?